मास्तरांचे पाय

मास्तरांनी आयुष्यभर एकच विषय शिकवला, आणि तोही बसून. गाडीत शेजारच्या सीटवर बसायचं, मांडीवर वही ठेवायची आणि सांगत राहायचं, "क्लच दाबा. पहिला टाका. आता हळू सोडा. हळू म्हटलं हो, हळू! गाडी आहे, माशी नाही हाकलायची." अशी चाळीस वर्षं. डॉक्टर म्हणू नका, वकील म्हणू नका, दूधवाला म्हणू नका, निम्मं शहर त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीत शिकणाऱ्यासमोर तीन पेडल आणि मास्तरांसमोर दोन, एक क्लच आणि एक ब्रेक. समोरचा गडबडला की मास्तरांचे पाय धावून जायचे. त्या पायांनी किती भिंती, किती खांब आणि किती कुत्री वाचवली, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

मग डोळ्यांनी दगा दिला. आंधळे झाले असं नाही, पण नजरेचा मधला भाग पुसला गेला. कडेचं दिसायचं, मधलं गायब.

"तुझे कान दिसतात," त्यांनी बायकोला सांगितलं. "तोंड दिसत नाही."

"बरंच झालं," ती म्हणाली. "साठीला आलेल्या तोंडात बघण्यासारखं काय राहिलंय? आवाज येतोय ना, तेवढा पुरे."

एवढं बोलून ती मोरीत गेली, नळ सोडला आणि टॉवेलात तोंड खुपसून पोटभर रडली.

तिला सगळी गल्ली मावशी म्हणायची, म्हणून आपणही मावशीच म्हणू. पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम. पस्तीस वर्षं त्याच खिडकीशी, त्याच मशीनवर. आधी पायानं हलवायची मशीन होती, पुढे मोटर बसवली. आता पायाखाली एक छोटं पेडल. दाबलं की सुई पळते, पाय उचलला की जागच्या जागी थांबते. हे पेडल आपल्याला पुढे चांगलंच महागात पडणार आहे, याची तेव्हा तिला काय कल्पना!

खिडकीतून मागचं अंगण दिसायचं आणि अंगणात गाडी. डॉक्टरांनी मास्तरांचं चालवणं बंद केलं त्याला तीन महिने झाले होते, तरी रोज सकाळी सात वाजता इस्त्रीचा शर्ट घालून मास्तर गाडीशी हजर. फडकं मारायचे. काच पुसायचे. मग आत बसायचे, आणि तेही ड्रायव्हरच्या जागी नाही, आपल्या नेहमीच्या, शेजारच्या सीटवर. दहा मिनिटं बसायचे आणि घरात यायचे. उरलेला सगळा दिवस खुर्चीत.

एका सकाळी मावशीनं शर्टाची कॉलर लावता लावता सहज मान वर केली. अंगणात मास्तर गाडीत बसलेले, शेजारची सीट रिकामी, आणि त्यांचे ओठ हलत होते. ऐकू येत नव्हतं, पण ऐकायची गरजच नव्हती. हळू सोडा, हळू. रिकाम्या सीटला ते क्लच शिकवत होते. कॉलर उलटी लागली, ती उसवून पुन्हा लावावी लागली.

त्याच रविवारी लेक आली. लेक व्यवहारी, बापाच्या काळजीनंच बोलायची, पण बोलणं मात्र कात्रीसारखं.

"बाबा, गाडी उभ्या उभ्या सडून जाईल. मिस्त्रीकाका घ्यायला तयार आहेत. त्यांना शिकवणीचा क्लास काढायचाय, त्यांना दोन्हीकडे पेडल असलेलीच गाडी हवीय."

मिस्त्री म्हणजे नाक्यावरचा गॅरेजवाला. गाडीचं दुखलं-खुपलं वीस वर्षं त्यानंच बघितलेलं.

"देऊन टाका," मास्तर म्हणाले आणि वर्तमानपत्राची घडी घालू लागले. जे आता त्यांना वाचता येत नव्हतं, त्याची चार-चारदा घडी.

मावशीला काय झालं कोण जाणे. "गाडी कुठ्ठं जाणार नाही," ती म्हणाली. "मी चालवणार."

लेक हसली. मग आईचा चेहरा बघून हसू गिळलं. "आई, अगं या वयात? बरं, शिकायचंच तर माझी ऑटोमॅटिक घे. क्लच नाही, गिअर नाही, कसली भानगडच नाही."

तेव्हा मास्तर तीन महिन्यांत पहिल्यांदा नाकातून फिस्सकन हसले. "ती काय गाडी आहे? बसा आणि बटण दाबा. त्याला लिफ्ट म्हणतात."

त्या एका हसण्यावर मावशीनं सगळं पक्कं केलं. गाडी गेली तर हा माणूस खुर्चीतून उठायचा नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. मिस्त्रीला निरोप गेला. मिस्त्री आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "मावशी, तुमच्यासाठी महिनाअखेरपर्यंत थांबतो. लायसन्स आलं तर गाडी तुमची, नाही आलं तर माझी. मग मात्र रडारड नको."

"रडतंय कोण!" मावशी म्हणाली.

अंगणाचं मागचं फाटक एका बंद गोदामाच्या पटांगणात उघडायचं. चिटपाखरूसुद्धा नाही, नुसतं सिमेंट, आणि एका टोकाला माल चढवायचा उतार. शिकायला याहून झकास जागा नाही. मिस्त्रीनं गाडी तिथं नेऊन ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सातला शिकवणी सुरू झाली.

पहिल्याच दिवशी शिवणकामानं घात केला. गाडी जरा पळायला लागली, समोर भिंत आली, आणि मावशीनं पस्तीस वर्षांच्या सवयीनं काय केलं? दोन्ही पाय उचलले! मशीन थांबते ना तशी. गाडी कसली थांबतेय. भिंत अंगावर यायला लागली.

"ब्रेक! अगं ब्रेक!" मास्तर ओरडले आणि त्यांचे पाय धावून गेले. गाडी भिंतीपासून दोन हातांवर उभी राहिली.

"पाय का उचललेस?"

"थांबायला!"

मास्तर असे हसत सुटले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "चाळीस वर्षांत हे कुणी केलं नव्हतं," ते म्हणाले.

पण त्यानंतर मात्र मावशीची गाडी अशी काही चालू लागली की विचारू नका. क्लच दाबायचा, पहिला टाकायचा, सोडायचा, गाडी लोण्यासारखी निघाली. दोन आठवड्यांत एकदाही बंद पडली नाही. मास्तर खूश. "तुझ्या पायात कला आहे गं," असं एकदा म्हणाले, आणि बायकोचं कौतुक करण्याची या गृहस्थांची लग्नानंतरची ती तिसरी वेळ. दुपारी खुर्चीत बसायचं सोडून ते आता उद्या काय शिकवायचं ते मोठ्यानं बोलून दाखवायचे. जेवायलाही मागून घेऊ लागले. मावशीचे पाय जमिनीवर ठरेनात. माप द्यायला आलेल्या बायकांना ती तोंडात टाचण्या धरून सांगायची, "क्लच? त्यात काय एवढं! लोक उगाच बाऊ करतात."

आणि मग टेस्टचा दिवस उजाडला.

गाडी मिस्त्रीनंच टेस्टच्या मैदानावर आणली. टेस्ट घेणारे साहेब तरुण होते, गंभीर होते आणि हातातल्या पेनाचं बटण सारखं टिकटिक वाजवायचे. मास्तरांना त्यांनी बाकावर बसायला सांगितलं. स्वतः शेजारच्या सीटवर बसले, समोरची दोन पेडल बघितली आणि दोन्ही पाय मागे, सीटखाली घेतले. "चला मावशी. सावकाश."

मावशीनं रुबाबात क्लच दाबला, पहिला टाकला, क्लच सोडला. गाडीनं एक आचका दिला आणि बंद पडली.

"होतं असं," साहेब म्हणाले. टिकटिक.

पुन्हा सुरू केली. पुन्हा आचका, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा तेच. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. पाचव्यांदा गाडी बेडकासारखी तीन उड्या मारत गेली, रांगेत ठेवलेला एक रिकामा डबा उडवला आणि तिथंच थंड झाली. डबा गडगडत बाकापर्यंत गेला. मास्तरांना तो दिसला नसावा, पण आवाजावरून काय ते समजलं असणार.

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. आवाज अगदी मऊ करून म्हणाले, "मावशी, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही क्लच याआधी कधी सोडलाय का?"

राग कसला, मावशीला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

परतीला गाडी मिस्त्री चालवत होता. शेजारी मास्तर, मागे मावशी खिडकीबाहेर बघत. मिस्त्रीला कुठं हसू लपवायचं ते कळत नव्हतं, कारण महिनाअखेरीला दहाच दिवस उरले होते. सिग्नलला गाडी थांबली, हिरवा लागला, गाडी निघाली, आणि मिस्त्री एकदम म्हणाला, "मास्तर, पाय काढा की! माझा क्लच तुम्हीच दाबताय."

"मी? छे!"

"अहो, हे बघा. माझा पाय वर आलाय आणि पेडल खालीच."

मावशी पुढे वाकली. मास्तरांचा डावा गुडघा हलत होता. मिस्त्रीनं गिअर बदलला, गुडघा खाली. गाडी निघाली, गुडघा अलगद वर. इतका अलगद, इतका सुरेख, की दोन आठवडे लोण्यासारखी निघणारी ती गाडी कुणाच्या पायानं निघत होती हे सांगायला साहेब नको की मिस्त्री नको.

घरी येईपर्यंत तिनं दम धरला. मिस्त्री गेला आणि दार लागताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पायात कला आहे म्हणे! तुमच्याच पायात होती ती! आणि मी गल्लीभर मिरवत होते! अहो, शिकवत होता की फसवत होता मला?"

"शप्पथ सांगतो, मला कळलंच नाही," मास्तर म्हणाले. ते खरं होतं. एरवी कुणी असं बोललं असतं तर त्यांनी आवाज चढवला असता. आता ते पायांकडे बघत बसले, म्हणजे पायांच्या कडेला कुठेतरी. "बाकीच्यांना मी आधी चुकू द्यायचो. दहा वेळा बंद पडली तरी पाय हलवायचो नाही. तेव्हा मला दिसत होतं गं. पुढे मोकळं आहे हे माहीत असायचं. आता गाडीनं जरा हिसका दिला की वाटतं, पुढे भिंत असेल. आणि गाडीत तू असतेस. डोकं म्हणतं राहू दे, पण पाय ऐकत नाहीत."

मावशीचा राग तिथंच विरला, आणि विरला याचाच तिला पुन्हा राग आला. भांडायला चांगली तयारी करून आली होती. ती त्यांच्या शेजारी बसली. आपला नवरा घाबरतो, हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं होतं. तिलाही भीती वाटत होती. ती मशीनवर बसून लपवता येत होती, इतकंच.

"मिस्त्रीला सांगून तुमच्या बाजूची पेडल काढून टाकू?" तिनं विचारलं.

मास्तरांचा चेहरा असा झाला की तिनं तो विषय जागीच मिटवला. "राहू देत. पेडलांचा काय दोष!"

दुसऱ्या दिवशी सातला दोघं गाडीत बसायला गेले. मास्तर बसले, आणि मावशी त्यांच्या बाजूचं दार उघडून खाली उकिडवी बसली. पदराला टोचलेली सुई काढली, तोंडानं दोऱ्याचं टोक ओलं केलं, एका फटक्यात ओवलं.

"काय चाललंय?"

"हलू नका, टोचेल." तिनं मास्तरांच्या पँटचे दोन्ही पाय घोट्याशी जवळ घेतले आणि एकाला एक शिवायला सुरुवात केली.

"अगं ए! वेड लागलं का? माणसाला शिवतेस?"

"माणसाला नाही, पँटला."

"आणि गाडीला आग लागली म्हणजे?"

"कच्चे टाके आहेत. जोर लावलात तर तुटतील. पण जोर लावावा लागेल, आणि लावताय हे तुम्हाला कळेल. मला तेवढंच हवंय." तिनं गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि जाऊन आपल्या जागी बसली.

आता खरी शिकवणी सुरू झाली. गाडी त्या सकाळी अठरा वेळा बंद पडली. मास्तरांनी सीटची कड दोन्ही हातांनी धरली होती. दर आचक्याला त्यांचे गुडघे उडायचे, टाके ताणले जायचे आणि ते दात आवळून पाय मागे घ्यायचे. तीन टाके तुटले. मावशीनं उतरून घातले. अठराव्यांदा बंद पडल्यावर तिनं स्टिअरिंगवर हात आपटला. "नाही जमत! घेऊन जाऊ दे मिस्त्रीला!"

"थांब," मास्तर म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. "बघू नकोस कुठं. नुसती ऐक. क्लच सोडत ये. अजून. अजून. आता आवाज जड झाला बघ. झाला ना? तिथंच पाय धर. वर नको, खाली नको."

मावशीनं ऐकलं. आणि तिला तो आवाज ओळखीचा निघाला. जाड पडद्याची शिवण सुईखाली आली की मशीन अशीच घुमते. तिथं पाय सोडला तर मशीन अडते, दाबला तर सुई मोडते. हात कापडावर ठेवून, पाय जराही न हलवता, शिवण पार व्हायची वाट बघायची. हे तर ती पस्तीस वर्षं करत आली होती.

"हात्तिच्या! एवढंच?" ती म्हणाली.

गाडी निघाली. लोण्यासारखी नाही, जराशी गचके खात, पण निघाली, आणि तिच्या स्वतःच्या पायानं निघाली. मास्तरांचे टाके जागच्या जागी होते.

राहिला तो उतार. अर्ध्या चढावर थांबायचं आणि मागे न घसरता पुन्हा निघायचं. नऊ दिवसांतले सहा त्यानं खाल्ले. गाडी मागे घसरली की मावशी किंचाळायची, मास्तर शांतपणे "हँडब्रेक" म्हणायचे, आणि दोरा तुटल्याचा टट्ट असा आवाज यायचा. सातव्या दिवशी तो आवाज आला नाही. आठव्या दिवशी गाडी घसरली नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी पुन्हा तेच मैदान, तेच साहेब. मिस्त्री गाडीची किल्ली बोटात फिरवत म्हणाला, "मावशी, येताना गाडीला माझा हार घालायचा का तुमचे पेढे खायचे, तेवढं सांगून ठेवा."

"आधी किल्ली द्या," मावशी म्हणाली.

साहेबांनी पाय सीटखाली घेतले. टिकटिक. मावशीनं कान दिला. आवाज जड झाला, पाय तिथंच धरला, गाडी निघाली. आठाच्या आकारात फिरली, डब्यांमधून गेली, एकही डबा हलला नाही. मग चढ.

मधोमध थांबली. हँडब्रेक ओढला. पुढे नुसतं आभाळ, मागे उतार. क्लच सोडता सोडता तिची नजर खाली बाकाकडे गेली.

मास्तर बाकावर मान खाली घालून ऐकत बसले होते. त्यांचे बूट खाली जमिनीवर, शेजारी शेजारी नीट ठेवलेले. आणि स्वतः बाकावर मांडी घालून, दोन्ही हातांनी दोन्ही पावलं घट्ट धरून. आज टाके घातले नव्हते. पायांनी धावून जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच त्यांना धरून ठेवलं होतं.

मावशीला हसू आलं आणि रडूही आलं, पण दोन्हीला वेळ नव्हता, कारण इंजिनचा आवाज जड झाला होता. तिनं हँडब्रेक सोडला. गाडी वीतभरही मागे न जाता वर चढली.

साहेबांनी कागदावर सही केली. "मावशी, कुणाकडे शिकलात या दहा दिवसांत?"

"त्याच मास्तरांकडे," ती म्हणाली.

मिस्त्रीनं हात जोडले, म्हणाला, मी बसनं जातो, आणि खरोखरच गेला. बरा माणूस.

मास्तर बूट हातात घेऊनच गाडीत बसले. "सुई आणलीस का?" त्यांनी विचारलं.

"पदराला आहे. घालू टाके?"

"नको." त्यांनी तिथंही मांडी घातली, चष्मा काढून खिशात ठेवला. "क्लच दाब. पहिला टाक. आता..." एवढं बोलून पुढचं त्यांनी सांगितलंच नाही.

रस्त्यावर बऱ्यापैकी गर्दी होती. मावशी डोळ्यांत तेल घालून चालवत होती. मोठ्या चढावर नेमका लाल दिवा लागला, आणि मागच्या ट्रकनं हिरवा व्हायच्या आधीच हॉर्नवर हात ठेवला. "थांब रे बाबा," ती पुटपुटली. आवाज ऐकला, पाय धरला, गाडी अलगद निघाली. आता मास्तर काय म्हणतात म्हणून तिनं चटकन शेजारी बघितलं.

मास्तर झोपले होते. मान काचेला टेकलेली, तोंड अर्धवट उघडं, मांडी सुटून पाय पेडलांच्या वर लोंबकळत होते आणि बारीक घोरणं चाललं होतं. चाळीस वर्षांत त्या सीटवर या माणसाचा एकदाही डोळा लागला नव्हता. एक डुलकी काढली असती तर कुणाचा तरी जीव गेला असता.

मावशीनं त्यांना उठवलं नाही. गिअर बदलला, तोही आवाज न करता. नाका आला, मिस्त्रीचं गॅरेज आलं, आपली गल्ली आली, आपलं फाटक दिसलं. गाडी थांबली तर ते जागे होणार. ती फाटकासमोरून तशीच पुढे गेली आणि शहराला आणखी एक फेरी मारून आली.